मागून येणारा खो

जुलै लागला की आमच्या शाळेमागच्या हिरवळीवर कौन्सिलचा माणूस येतो आणि ढकलगाडीसारखं यंत्र पुढे लोटत पांढऱ्या रेघा मारून जातो. स्पोर्ट्स डे जवळ आलेला असतो. नुकत्याच कापलेल्या गवताचा ओला, जरासा तिखट वास सगळीकडे पसरलेला असतो. अर्धा वर्ग ‘हे-फीव्हर’ने, म्हणजे गवताच्या परागांच्या सर्दीने बेजार, नाकं लाल, डोळे चोळून चोळून सुजलेले. तरीही चमच्यात बटाटा धरून पळायची तालीम रोज चालू. संध्याकाळ म्हणावी अशी वेळ येतच नाही. साडेनऊला मी पडदे ओढते तेव्हासुद्धा समोरच्या लाल विटांच्या घरांवर ऊन असतं. असल्या दिवसांत काम करता करता माझं लक्ष उडतं, आणि मी दोन हजार दोनच्या उन्हाळ्यात जाऊन पोचते.

त्या उन्हाळ्यात मी अठ्ठावीस वर्षांची होते आणि लीड्समध्ये मला करायला काहीही नव्हतं.

प्रसादला एका बँकेच्या सॉफ्टवेअरचं काम मिळालं म्हणून आम्ही आदल्या ऑक्टोबरात इथे आलो. त्याआधी मी फलटणला शाळेत खेळ शिकवत होते. बी.पी.एड. केलेलं, आणि त्याआधीची नऊ वर्षं खो-खो खेळलेली. इथल्या शाळांना मी अर्ज पाठवत राहिले. उत्तरं अतिशय सभ्य यायची. तुमचा अनुभव वाचून आनंद वाटला, पण तुमचं प्रशिक्षण इथे ग्राह्य धरता येत नाही. एकाच अर्थाची इतकी गोड पत्रं मी आयुष्यात वाचली नव्हती. फलटणच्या मोठ्या बाईंनी मात्र कळवलं होतं, ‘मनीषा, तुझी जागा दिवाळीपर्यंत रिकामी ठेवते. पुढचं तू ठरव.’ मी ते पत्र प्रसादला वाचून दाखवलं. तो ‘बघू’ म्हणाला. मीही ‘बघू’ म्हणाले. त्यानंतर आम्ही दोघांनी त्या विषयाला हात लावला नाही. दिवसा मी कपडे धुवायचे, लायब्ररीत जायचे, आणि कधीकधी बसच्या पहिल्या स्टॉपपासून शेवटच्या स्टॉपपर्यंत उगीचच जाऊन यायचे.

लायब्ररीच्या फळ्यावरच ती सूचना लागली होती. मँचेस्टरला मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरणार होती, आणि काही देशांचे संघ त्याआधी दहा दिवस लीड्सला सरावासाठी राहणार होते. मदतनीस हवे होते. काम काय, तर खेळाडूंना बस दाखवायची, कपडे धुवायचं दुकान दाखवायचं, आजारी पडले तर दवाखान्यात न्यायचं. मी नाव दिलं. मला मिळाला सगळ्यांत लहान संघ. एक मुलगी, एक मुलगा आणि त्यांचे मास्तर. बस्स, एवढाच.

त्या देशाचं नाव मी लिहीत नाही. पॅसिफिक महासागरातला बेटांचा देश आहे, आणि सगळी बेटं मिळून जेवढी माणसं होतील त्यापेक्षा जास्त फलटणच्या बाजाराला येतात. नाव लिहिलं तर कोण ते लगेच कळेल, कारण त्या वर्षी तिथून शंभर मीटर पळायला दोघंच आले होते.

तीन विमानं आणि मध्ये एक बोट असा प्रवास करून ती तिघं आली. सिना एकोणीस वर्षांची, लांब पायांची, बोलण्यापेक्षा बघणारी. लोटो बावीसचा, आणि त्याचं बरोबर उलटं. बसमधून उतरल्या उतरल्या त्याने दोन्ही हात काखेत घातले आणि मला विचारलं, “उन्हाळा कधी सुरू होतो इथे?”

“हाच उन्हाळा,” मी म्हटलं.

त्याने आपल्या भाषेत मास्तरांना सांगितलं. मास्तर इतके हसले की त्यांना बॅग खाली ठेवावी लागली.

मास्तरांचं नाव तावो. पन्नाशीचे, बुटके, पायात कायम चपला. ते त्यांच्या बेटावरच्या शाळेत शिकवत, चर्चमध्ये गात, आणि आठवड्यातून दोनदा विमान यायचं तेव्हा सायकलवरून धावपट्टीभर फिरून डुकरं आणि मुलं हाकलत. हे शेवटचं काम महत्त्वाचं, कारण ती धावपट्टी हाच त्यांचा ट्रॅक होता. बेटावर सरळ आणि सपाट अशी तेवढी एकच जागा. विमान नसेल त्या दिवशी सगळी शाळा तिथे पळायची. “दोनशे मीटर आम्ही पळत नाही, मिसेस मनीषा,” मास्तर म्हणाले. “वळण कुठून आणू?”

पहिले दोन दिवस त्यांना जेवण गिळेना. ती उतरली होती त्या हॉस्टेलच्या पास्त्याकडे सिना एखाद्या आजारी माणसाकडे बघावं तशी बघायची. लोटोने एका फळाचं कागदावर चित्र काढून दिलं, हिरवं, गोल, खडबडीत. ते मी ओळखलं नाही, पण लिमये काकूंनी ओळखलं. काकू लीड्सच्या हॉस्पिटलात तीस वर्षं भूल द्यायचं काम करून निवृत्त झाल्या होत्या, मूळच्या रत्नागिरीच्या, आणि आमच्या गल्लीत पलीकडच्या टोकाला एकट्याच राहायच्या. चित्राकडे बघून म्हणाल्या, “अगं, हा नीरफणस! फलटणच्या माणसाला कुठून ठाऊक असणार म्हणा.” आणि मला मार्केटात घेऊन गेल्या. तिथे एका जमैकन बाईच्या गाळ्यावर नीरफणस रचून ठेवलेले. काकूंनी त्याचे काप केले, तिखट-मीठ-हळद लावून, तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर कुरकुरीत. सिनाने पहिला काप खाल्ला, डोळे मिटले आणि काहीतरी पुटपुटली.

“काय म्हणते ही?” काकूंनी विचारलं.

“म्हणते, आमच्याकडे हे नुसतं विस्तवावर भाजतात,” लोटो म्हणाला. “इतकी वर्षं आम्ही चूक करत होतो.”

तेव्हापासून लिमये काकू त्या संघाच्या चौथ्या सभासद झाल्या.

सराव युनिव्हर्सिटीच्या ट्रॅकवर असायचा. तो विटकरी रबरी ट्रॅक, पाऊस पडून गेल्यावर त्यावरून निघणारी वाफ, कडेच्या झाडांमधून येणारा कबुतरांचा आवाज. मी बाकावर बसून टॉवेल सांभाळायचे. लोटो चांगला पळायचा. पण सिना पळायला लागली की मी टॉवेल विसरायचे. तिची टाच जमिनीला लागते की नाही असं वाटायचं. फक्त सुरुवात! तिची सुरुवात बघवत नव्हती. ‘सेट’ म्हटलं की ती ब्लॉकमध्ये, म्हणजे पाय रोवायच्या त्या उतरत्या पट्ट्यांवर, नीट वर यायची, मग पिस्तुलाचा बार व्हायचा, आणि त्यानंतर ती मान वर करून समोर बघायची, आणि मग निघायची. तेवढ्यात बाकीचे चार पावलं पुढे.

तिसऱ्या दिवशी मी न राहवून मास्तरांना विचारलं, “ती कशाकडे बघते?”

मास्तर जरा ओशाळले. “कापडाकडे,” म्हणाले. “धावपट्टीवर समुद्राचा वारा असतो. शिट्टी वाजवा, ओरडा, काही ऐकू जात नाही. म्हणून मी पलीकडच्या टोकाला उभा राहतो आणि लाल कापड खाली टाकतो. मुलं कापड बघून पळतात. सहा वर्षांची असल्यापासून ती कापड बघून पळते आहे. आता इथे म्हणतात, मान खाली घाल, आवाज मागून येईल. ती मान खाली घालते हो. पण तिचे डोळे कापड शोधतात.”

मला ते ऐकून हसू आलं. मागून येणारी हाक आणि मान न वळवता उठणं, हे सोडून मी नऊ वर्षं दुसरं केलं काय होतं?

मी मास्तरांना खो-खो समजावून सांगितला. आठ जणी एका ओळीत उकिडव्या बसतात, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. नववी पाठलाग करते. पळणारी निसटायला लागली की पाठलाग करणारी बसलेल्या एकीच्या पाठीवर मागून थाप देते आणि ओरडते, ‘खो!’ ती तत्क्षणी उठून धावते आणि थाप देणारी तिच्या जागी बसते. कोण येतंय हे मागे वळून बघायचं नसतं. बघत बसलात तर पळणारी गेली. पाठीनेच ऐकायचं.

“पाठीनेच ऐकायचं,” मास्तरांनी ते इंग्रजीत स्वतःशी दोनदा म्हणून पाहिलं. मग सिनाला हाक मारली.

मी जीन्स आणि साध्या बुटांत होते. सिनाला गवतावर बसवलं. मी तिच्या मागून धावत गेले, पाठीवर थाप मारली आणि ओरडले, “खो!” नऊ महिन्यांत माझ्या तोंडून तो शब्द निघाला नव्हता. कबुतरं उडाली. सिना उठली, पण आधी तिने मागे वळून माझ्याकडे बघितलं.

“मी दिसायला इतकी चांगली नाही,” मी म्हटलं. “पुढे बघ.”

पुन्हा केलं. पुन्हा. दुपारपर्यंत माझ्या मांड्या भरून आल्या. दुसऱ्या दिवशी थाप बंद केली, नुसता आवाज ठेवला. कधी जवळून, कधी दहा पावलांवरून, कधी एकदम हळू. तिसऱ्या दिवशी ती ब्लॉकमध्ये बसली, मास्तरांनी मागून दोन लाकडी फळ्या आपटल्या आणि सिना अशी निघाली की लोटो आपली शर्यत सोडून बघत उभा राहिला. ती परत आली तेव्हा धापा टाकत हसत होती. तिचे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

“मला कापड दिसलंच नाही,” ती म्हणाली.

त्या संध्याकाळी मी चालत घरी आले. दोन मैल. बस येत होती, जात होती, मला चढावंसं वाटत नव्हतं. प्रसादने दार उघडलं आणि माझ्या गुडघ्यांवरचे गवताचे हिरवे डाग बघून म्हणाला, “पडलीस की काय?”

“खेळले,” मी म्हटलं.

तो म्हणाला, “रविवारी मराठी मंडळाची पिकनिक आहे ना पार्कात? त्यांनाही घेऊन ये. मोठा डाव लावू.”

तो रविवार! राउंडहेच्या बाजूचं ते अफाट पार्क, आइस्क्रीमच्या गाडीचं तेच तेच गाणं, सतरंज्या, डब्यांतली थालीपिठं, आणि गवतावर उकिडवे बसलेले लीड्समधले मराठी सॉफ्टवेअर इंजिनियर. कुणाचा गुडघा वाजत होता, कुणाची पँट घट्ट होत होती. खांब म्हणून दोन टोकांना दोन घडीच्या खुर्च्या. लिमये काकू पंच. तीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जनांना गप्प बसवलेला त्यांचा आवाज पार्कभर घुमत होता. लोटो पळणारा, आणि त्याला शिवायला आमचे नऊ जण. चार मिनिटं तो कुणाच्या हाती लागला नाही. वळताना घसरायचा, खुर्चीला प्रदक्षिणा घालायचा आणि प्रत्येकाला हात हलवून दाखवायचा.

सिना आमच्या ओळीत मधोमध बसली होती. आणि प्रसाद पाठलाग करत होता, म्हणजे धावत होता. खो द्यायचा असतो हे तो साफ विसरला होता. लाल चेहऱ्याने तो सिनाच्या मागून एकदा गेला, दोनदा गेला, तिसऱ्यांदा गेला. दरवेळी सिना सावरून बसायची, हाताची बोटं गवतात रुतवायची, पण जागची हलायची नाही.

“अहो, खो द्या की!” सगळी ओळ ओरडली.

“कुणाला?” प्रसादने धावता धावता विचारलं आणि सतरंजीवर आडवा झाला.

आम्ही हसून हसून लोळलो. मास्तर तावो तर गुडघ्यांवर हात मारत होते. काकूंनी प्रसादला बाद ठरवलं, जे नियमात कुठेच बसत नव्हतं.

हॉस्टेलला परत जाताना मास्तर गाडीत माझ्या शेजारी बसले होते. हसण्याचा भर ओसरल्यावर ते म्हणाले, “चार वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका मुलीला घेऊन दुसऱ्या देशात गेलो होतो. ती पिस्तूल वाजण्याआधीच निघाली. पुन्हा निघाली. बाहेर काढली. घरी परतलो तर बोटीवरच लोकांनी विचारलं, किती सेकंद? आणि माझ्याकडे सांगायला आकडाच नव्हता. ती मुलगी त्यानंतर पळाली नाही.” मग म्हणाले, “सिना शेवटची आली तरी चालेल मला. तिच्या नावापुढे आकडा हवा.”

मी मान हलवली. पण घरी आल्यावर मला घाम फुटला. आठवडाभर मी त्या मुलीला फक्त उठायला शिकवलं होतं. खो मिळण्याआधी उठलं तर फाऊल होतो, हे पहिल्या दिवशी एकदा सांगितलं आणि पुढे गेले होते. बसून राहण्याचा सराव मी करूनच घेतला नव्हता. आणि आता दुसऱ्या दिवशी ती मँचेस्टरच्या खेळाडूंच्या गावात जाणार, तिथे मला प्रवेशही नव्हता.

आम्ही स्टेडियमवर गेलो तो दिवस ढगाळ होता. प्रसादने सुट्टी काढली होती. काकूंनी छत्री, पाण्याची बाटली आणि नीरफणसाचे काप आणले होते. इतकी माणसं एका ठिकाणी मी क्रिकेटशिवाय कधी पाहिली नव्हती. सगळीकडे झेंडे, आणि आमच्या संघाचा झेंडा फक्त आमच्या हातात, काकूंनी उशीच्या अभ्र्यावर रंगवलेला. शेजारच्या यॉर्कशरच्या आजोबांनी विचारलं, “कोणता देश हा?” काकूंनी त्यांना नीरफणसासकट सगळं सांगितलं. दहा मिनिटांत आजूबाजूच्या दोन रांगा आमच्या देशाच्या झाल्या.

लोटो आधी पळाला. सातवा आला आणि आठव्याला मिठी मारून दोघांनी मिळून प्रेक्षकांना हात केले.

मग मुलींची शर्यत. सिना दुसऱ्या लेनमध्ये होती. इतक्या लांबून ती शाळेतल्या मुलीएवढी दिसत होती. आठ जणी वाकल्या. स्टेडियम शांत झालं, एवढं मोठं स्टेडियम शांत होतं तेव्हा कानात दडे बसल्यासारखं वाटतं. ‘सेट.’ आणि त्या शांततेत, आमच्या खालच्या बाजूला, तिच्या पाठीमागच्या रांगांमधून कुणीतरी कुणालातरी मोठ्याने हाक मारली.

सिना सुटली. एकटीच. सात जणी जागेवर, आणि ती वीस मीटर पुढे. मग लागोपाठ बार झाला, परत बोलावण्याचा.

“संपलं?” प्रसादने विचारलं.

“नाही,” मी म्हटलं. त्या वेळी नियम असा होता की प्रत्येकीला एक चूक माफ. दुसऱ्यांदा आधी निघाली की बाहेर.

सिना मान खाली घालून परत चालत येत होती. वीस मीटर चालायला तिला किती वेळ लागला! एका अधिकाऱ्याने तिच्या लेनपाशी जाऊन खूण केली. मास्तर कुठे होते ते मला दिसत नव्हतं, पण त्यांचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे होता. मी केलं हे. दहा हजार मैलांवरून आलेल्या मुलीला मी माझा खेळ शिकवायला गेले, कारण मला लीड्समध्ये करमत नव्हतं. आकडा राहिला बाजूला, आता तिच्या नावापुढे ‘डीक्यू’ ही दोन अक्षरं लागणार, म्हणजे बाद. मी उठून उभी राहिले. काय ओरडणार होते देव जाणे. काकूंनी माझा दंड धरून खाली ओढलं.

“गप्प बस,” त्या म्हणाल्या. “आता मागून कुणीच काही बोलायचं नाही. तूसुद्धा.”

शेजारच्या आजोबांनी दोन रांगांना तोंडावर बोट ठेवून दाखवलं.

आठ जणी पुन्हा वाकल्या. ‘सेट.’ मी डोळे मिटले नाहीत. मी सिनाची पाठ बघत होते. स्टार्टरने त्या वेळी नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला, निदान मला तरी तसं वाटलं. वरून एक विमान गेलं. कुठल्यातरी कोपऱ्यात टाळ्या वाजल्या. सिनाची बोटं त्या पांढऱ्या रेघेमागे रुतलेली, पाठ स्थिर. तिचा खांदासुद्धा हलला नाही.

बार झाला, आणि ती उठली. मान खाली ठेवून. सगळ्यांत आधी नाही, पण सगळ्यांबरोबर. पहिली पाच-सहा पावलं तर ती जगातल्या नावाजलेल्या मुलींच्या खांद्याला खांदा लावून होती, हे मी स्वतः पाहिलं आहे. मग त्या पुढे सरकल्या, सरकणारच होत्या. पण सिना मागे पडत नव्हती, ती तिच्या वेगाने जात होती, टाच जमिनीला न लावता. ती सातवी आली. फलकावर नावं आणि आकडे चढले. तिच्या नावापुढे बारा होता. बारा आणि त्यापुढे नऊ. त्या देशातली कुठलीही मुलगी तोवर तेराच्या आत आली नव्हती.

आजोबांनी काकूंना मिठी मारली. काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा परक्या पुरुषाला मिठी मारू दिली असेल.

नंतरचं आयुष्य तसं साधं आहे. फलटणच्या बाईंना मी ऑगस्टमध्ये पत्र लिहिलं की जागा भरून टाका. प्रसादला आधी विचारलं नाही, लिहून झाल्यावर दाखवलं. तो फक्त म्हणाला, “मला वाटलं होतं तू जाशील,” आणि चहा टाकायला गेला. चहा टाकताना गाणं म्हणत होता. इथलं प्रशिक्षण मी पहिल्यापासून घेतलं. आधी शाळेत मदतनीस, मग शिक्षिका. माझ्या यॉर्कशरच्या पोरांना खो म्हणता येत नाही, ती ‘को’ म्हणतात. चालतं. बसून राहण्याचा सराव मात्र मी आता आधी घेते, उठण्याचा मागाहून. पोरं कंटाळतात. मी मागून धावत जाते, खो देत नाही आणि पुढे निघून जाते. ती चिडतात, हसतात, पुन्हा बसतात. सिनाला मी पुढे कधी भेटले नाही. तिचं लग्न झाल्याचं आणि ती त्याच शाळेत शिकवत असल्याचं कळलं, तेही लोटोच्या एका ख्रिसमस कार्डावरून.

पण त्या दिवशी शर्यतीनंतर तासाभराने आम्ही स्टेडियमशेजारच्या सरावाच्या मैदानाच्या फाटकाबाहेर उभे होतो आणि ती बाहेर आली होती. गळ्यात पास, अंगात मापापेक्षा मोठा ट्रॅकसूट. मी काही बोलायच्या आधीच ती म्हणाली, “मागून कुणीतरी ओरडलं. मला वाटलं, खो.”

“माझी चूक,” मी म्हटलं. “मी तुला थांबायला शिकवलंच नाही.”

“तू नाही शिकवलंस,” सिना म्हणाली, आणि प्रसादकडे बोट दाखवलं. “याने शिकवलं. दुसऱ्या वेळी मी मनात म्हटलं, मागून प्रसाद धावतोय. येऊ दे, जाऊ दे. खरा खो येईपर्यंत मी उठणार नाही.”

प्रसाद इतका लाजला की त्याला कुठे बघावं कळेना. लग्नानंतर मी त्याला तसा कधी पाहिला नव्हता.

मास्तर तावो मात्र आमच्यात नव्हते. ते रस्त्याच्या कडेच्या काचेच्या फोन बूथमध्ये शिरले होते आणि फोनकार्डावरचे आकडे चष्मा कपाळावर ढकलून दाबत होते. त्यांच्या बेटावर एकच फोन, पोस्टाच्या खोलीत. तिथे आता रात्रीचे नऊ वाजले असणार. त्यांनी आम्हाला हाताने बोलावलं. सिना, लोटो, मी, प्रसाद आणि छत्रीसकट काकू, सगळे त्या बूथमध्ये कसे मावलो देवाला ठाऊक. अर्धा प्रसाद बाहेरच होता.

मास्तर त्यांच्या भाषेत काहीतरी बोलले. मला त्यातला फक्त आकडा कळला, कारण तो त्यांनी एकेक अक्षर सुटं करून इंग्रजीत सांगितला. मग फोनमध्ये काहीच नाही. एक क्षण, दोन क्षण. मला वाटलं लाइन तुटली. मास्तरांनी रिसीव्हर कानापासून लांब धरला, आणि त्यातून तो आवाज आला. आधी एका माणसाचा, मग अनेकांचा, मग डबे बडवल्याचा, कुत्र्यांचा, कुठली तरी घंटा कुणीतरी ओढत असल्याचा. पोस्टाच्या खोलीत आणि खोलीबाहेर अख्खं बेट उभं होतं.

“काय म्हणतात?” मी लोटोच्या कानात ओरडून विचारलं.

लोटो रडत होता आणि हसत होता. “म्हणतात, नीट ऐकू आलं नाही,” तो म्हणाला. “परत सांगा.”

मास्तरांनी परत सांगितलं. पुन्हा ते दोन क्षण, आणि पुन्हा तो आवाज. आता कुणीतरी दुसरं फोनवर आलं होतं, त्यालाही ऐकू आलं नव्हतं. त्याच्यामागे आणखी कुणी. मास्तर एका हाताने डोळे पुसत, दुसऱ्या हाताने रिसीव्हर धरून, प्रत्येकाला पहिल्यांदाच सांगत असल्यासारखे सांगत होते. बारा पॉइंट नऊ. बारा पॉइंट नऊ. कार्ड संपेपर्यंत ते तेवढंच बोलले.